शब्दचर्चा : अमेरिकी न्यायाधीशाचा 'शिरस्ता', 'पसंती' की 'स्थायी आदेश'?

अनुवादवाट :
अमेरिकेच्या फेडरल जिल्हा न्यायालयांतले न्यायाधीश आपल्या कोर्टात वकिलांनी कसं काम चालवावं याचं टिपण प्रसिद्ध करतात. अर्ज किती पानांचा असावा, कागदांच्या किती प्रती द्याव्यात, हरकत कशी घ्यावी, साक्षीदाराजवळ कधी जावं, असं सगळं त्यात असतं. न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यात त्याला 'इंडिव्हिज्युअल प्रॅक्टिसेस' म्हणतात, कॅलिफोर्नियाच्या उत्तर जिल्ह्यात 'स्टँडिंग ऑर्डर', आणखी कुठे 'प्रोसीजर्स अँड प्रेफरन्सेस'. अशा एका टिपणाचा मराठी मसुदा चालू आहे. वाचक म्हणजे मराठी वकील आणि कायद्याचे विद्यार्थी. 'न्यायाधीशांची वैयक्तिक पसंती' असं शीर्षक घातलं आहे, पण ते जेवणाच्या आवडीनिवडीसारखं वाटतं. याशिवाय साइडबार, मोशन इन लिमिने, बेंच ट्रायल, पब्लिश, चार्ज या शब्दांवर अडलं आहे.

दप्तरदार :
शीर्षकासाठी मराठीत हाताशी असलेला शब्द 'शिरस्ता'. फारसीतल्या 'सर-रिश्ता'वरून आला, आणि 'शिरस्तेदार' हे पद त्यावरूनच. कचेरीत काम ज्या रीतीने चालत आलं ती रीत म्हणजे शिरस्ता. 'या कोर्टाचा शिरस्ता असा आहे' हे वाक्य वकिलाला समजावून सांगावं लागत नाही.

जवळचे शब्द तपासून पाहा. 'परिपाठ' रोजच्या सवयीचा आहे. 'पायंडा' पहिल्यांदा पाडला जातो, आणि बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात बोलला जातो. 'दंडक' मोडता येत नाही. शिरस्ता मोडला तर चालतं असं नाही, पण तो कुणाचा तरी, कुठल्या तरी जागेचा असतो. शेजारच्या कोर्टात वेगळा असू शकतो. या टिपणांचं मर्म नेमकं तेच आहे.

कलम८३ :
शिरस्ता मान्य, पण सगळ्या टिपणाला तो लावू नका. दिवाणी प्रक्रियेच्या फेडरल नियमांत (१९३८ पासून लागू) नियम ८३ चं पोटकलम (ब) याच विषयावर आहे. फेडरल कायदा, फेडरल नियम आणि त्या जिल्ह्याचे स्थानिक नियम यांच्याशी विसंगत नसेल अशा कोणत्याही पद्धतीने न्यायाधीश आपल्या कोर्टातलं काम चालवू शकतो. पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं. जी अट या तिन्हींत कुठेच नाही, ती पाळली नाही म्हणून वकिलाला दंड किंवा तोटा सोसायला लावायचा असेल, तर त्या विशिष्ट प्रकरणात त्याला अटीची प्रत्यक्ष सूचना मिळालेली असायला हवी.

म्हणून बरेच न्यायाधीश तेच टिपण प्रत्येक प्रकरणाच्या नोंदीत आदेश म्हणून दाखल करून ठेवतात. मग तो शिरस्ता राहत नाही, आदेश होतो. भाषांतरात हा फरक दिसलाच पाहिजे. सही होऊन नोंदीत आलेल्या भागाला 'आदेश', बाकीच्याला 'शिरस्ता'. 'पसंती' दोन्हीकडे चुकीची. वाचणारा वकील ती ऐच्छिक समजेल आणि त्याचा अर्ज न वाचता परत येईल.

'स्थायी आदेश' हा शब्द मात्र आपल्याकडे अडकलेला आहे. १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायद्यामुळे मराठी वाचकाला तो कारखान्यातल्या कामगारांच्या सेवाशर्तींचा वाटतो. 'न्यायाधीशांचा कायमचा आदेश' लांब आहे, पण गोंधळ करत नाही.

वादीप्रतिवादी :
शीर्षकापेक्षा मोठा धोका ओळखीच्या शब्दांचा आहे, कारण ते तपासावे असं वाटतच नाही.

'डिस्ट्रिक्ट जज' म्हणजे आपला जिल्हा न्यायाधीश नव्हे. आपला जिल्हा न्यायाधीश राज्याच्या न्यायसेवेतला, उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखालचा. अमेरिकेतला फेडरल जिल्हा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं, आणि वर्तन चांगलं असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात तहहयात, तो पदावर राहतो. देशात एकूण ९४ फेडरल न्यायिक जिल्हे आहेत. निदान पहिल्या उल्लेखात 'फेडरल' शब्द ठेवावा. 'मॅजिस्ट्रेट जज'चं 'दंडाधिकारी' करू नये. तो त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ८ वर्षांसाठी नेमलेला सहायक न्यायाधीश असतो आणि दिवाणी कामही पाहतो.

'बेंच ट्रायल'चं 'खंडपीठासमोर सुनावणी' झालेलं वाचनात येतं. अर्थ उलटा होतो. खंडपीठ म्हणजे एकाहून जास्त न्यायमूर्ती, आणि इथे एकटा न्यायाधीश ज्युरीशिवाय निकाल देतो. 'ज्युरीविना सुनावणी' लिहा.

'मोशन'चं 'ठराव' हे विधिमंडळातून आलं. कोर्टात तो 'अर्ज'. 'ट्रायल'साठी सरसकट 'खटला' नको. मराठी कोर्टात दिवाणी 'दावा' आणि फौजदारी 'खटला' हा भेद पक्का आहे. 'मीट अँड कन्फर' म्हणजे तडजोडीची बैठक नाही. अर्ज करण्याआधी दोन्ही बाजूंच्या वकिलांनी खरोखर बोलून वाद कमी करायचा आणि तसं लेखी प्रमाणित करायचं. 'अर्जापूर्वी आपसांत चर्चा' पुरेसं आहे.

अनुवादवाट :
फार उपयोगी. साइडबार आणि हरकतींचं काय? मसुद्यात 'बोलकी हरकत घेऊ नये' असं आलं आहे आणि ते निरर्थक वाटतं.

साक्षीपुरावा :
ते निरर्थक वाटतं कारण त्यामागची ज्युरी वाक्यात नाही. या टिपणांतले निम्मे नियम ज्युरीमुळे आहेत, आणि आपल्याकडे आता ज्युरी नाही. पुराव्याच्या फेडरल नियमांतला (१९७५) नियम १०३ सांगतो की अग्राह्य पुरावा कोणत्याही मार्गाने ज्युरीच्या कानी पडू नये, याची शक्य तितकी काळजी घ्यावी. हरकत घेता घेता वकील भाषण करू लागला, 'हा प्रश्न चुकीचा, कारण साक्षीदार त्या दिवशी तिथे नव्हताच', तर हरकतीच्या निमित्ताने त्याने ज्युरीला युक्तिवाद ऐकवला आणि साक्षीदाराला उत्तरही पुरवलं. त्याला 'स्पीकिंग ऑब्जेक्शन' म्हणतात. मराठीत 'हरकतीआडून भाषण' म्हणा. टिपणातली सूचना अशी असते: उभं राहा, 'हरकत, ऐकीव' किंवा 'हरकत, सूचक प्रश्न' (उत्तर सुचवणारा प्रश्न) एवढंच म्हणा आणि थांबा. न्यायाधीशाने विचारलं तरच कारण सांगा.

'सस्टेन्ड' म्हणजे हरकत मान्य, 'ओव्हररूल्ड' म्हणजे हरकत फेटाळली. इथे 'नामंजूर' टाळावं, प्रश्न नामंजूर की हरकत हे कळत नाही. आपल्या वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगा. आपल्याकडे दस्तऐवजावर किंवा साक्षीच्या एखाद्या भागावर हरकत आली, तर २००१ च्या बिपिन शांतिलाल पांचाळ प्रकरणापासून हरकत नोंदवून पुरावा तात्पुरता घेत आणि निकालाच्या वेळी ठरवत. अपवाद मुद्रांक शुल्काच्या उणिवेचा. तो तिथल्या तिथे ठरे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी हे बदललं: प्रश्नावरची हरकत तिथेच, नाहीतर त्या साक्षीदाराची साक्ष संपताना ठरवायची. न्यायाधीशच निकाल देणार असल्याने हरकत अशी राखून ठेवणं चालत असे. ज्युरीपुढे 'हरकत राखून' ही सोय नाही. निर्णय त्या क्षणी लागतो.

'साइडबार' म्हणजे ज्युरीला ऐकू जाणार नाही असं न्यायासनाच्या कडेला जाऊन बोलणं. लघुलेखक तेही टिपून घेतो. अनेक कोर्टांत त्या वेळी ध्वनिवर्धकातून खरखर सोडतात, म्हणजे ज्युरीला शब्द कळत नाहीत. 'कानगोष्ट' गोड आहे, पण खासगी वाटते, आणि हे बोलणं नोंदीवर असतं. 'न्यायासनालगतची चर्चा' बरं. पुष्कळ न्यायाधीश ती टाळायला सांगतात, कारण ज्युरी ताटकळत बसते आणि काहीतरी लपवलं जातंय असं तिला वाटतं. माहीत असलेला मुद्दा सकाळी ज्युरी येण्याआधी किंवा सुट्टीत काढा, ही त्यामागची अपेक्षा.

दप्तरदार :
ज्युरीला 'पंच' म्हणणाऱ्यांनी तो मोह सोडावा. आपला पंच पंचनाम्यावर सही करतो, निर्णय देत नाही. 'ज्युरी' हा शब्द मराठीत रुळलेला आहे. मुंबईत १९५९ च्या नानावटी खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ असा कौल दिला, तेव्हापासून तो घराघरांत माहीत आहे. फेडरल कोर्टात असा कौल चालत नाही, एकमत लागतं. दिवाणी दाव्यात ज्युरी किमान ६ आणि जास्तीत जास्त १२ जणांची असते, आणि दोन्ही पक्षांनी मान्य केलं तरच एकमताशिवायचा कौल घेता येतो.

'चार्ज'चा प्रश्नही त्याच खटल्याने सुटतो. 'चार्ज कॉन्फरन्स'चं 'आरोपनिश्चितीची बैठक' करू नका. इथे चार्ज म्हणजे न्यायाधीशाने ज्युरीला कायदा समजावून सांगणं. नानावटी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ज्युरीचा कौल बाजूला ठेवला, त्याच्या कारणांत सत्र न्यायाधीशांनी ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनातल्या चुका होत्या. 'ज्युरीला मार्गदर्शन' हा प्रतिशब्द घ्या. त्याच्या मसुद्यावरची हरकत वकिलाने नेमका मुद्दा आणि कारण सांगून नोंदीवर घ्यावी लागते. 'आमचा मसुदा घेतला नाही' एवढं म्हणणं अपिलात पुरत नाही.

कलम८३ :
'इन लिमिने' हे लॅटिन, अर्थ 'उंबरठ्यावर'. दोन देशांतले उंबरठे मात्र वेगळे. आपल्याकडे याचिका 'इन लिमिने' फेटाळली म्हणजे दाखल टप्प्यावरच, समोरच्याला नोटीस न काढता फेटाळली. अमेरिकेत उंबरठा सुनावणीचा. अमुक पुरावा ज्युरीपुढे येऊ देऊ नका, किंवा येऊ द्या, असा तो आगाऊ अर्ज असतो. 'पुराव्याबाबतचा सुनावणीपूर्व अर्ज' लिहा. 'पुरावाबंदी अर्ज' एकांगी होईल.

व्यवहारातली बाब अशी. न्यायाधीशाने नोंदीवर निश्चित निर्णय दिला असेल, तर अपिलासाठी हरकत सुनावणीत पुन्हा घ्यावी लागत नाही. 'पाहू, साक्ष चालू असताना ठरवू' असं म्हटलं असेल, तर पुन्हा घ्यावीच लागते. 'निश्चित' हा शब्द भाषांतरात गळला, तर वकिलाचं अपील गळतं.

साक्षीपुरावा :
साक्षीच्या टप्प्यांना मराठीत उत्तम शब्द आहेत: सरतपास (साक्षीदार बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न), उलटतपास (समोरच्या बाजूचे), फेरतपास (पुन्हा पहिल्या बाजूचे). तेच वापरा. फक्त उलटतपासाजवळ टीप हवी. आपल्या पुरावा कायद्यात उलटतपास सरतपासातल्या गोष्टींपुरता मर्यादित नाही, संबद्ध कशावरही विचारता येतं. फेडरल नियम ६११ प्रमाणे तो सरतपासाचा विषय आणि साक्षीदाराची विश्वासार्हता यांच्यापुरता. बाहेर जायला न्यायाधीशाची परवानगी लागते, आणि मग साधारणपणे सूचक प्रश्न विचारता येत नाहीत. 'सरतपासाच्या कक्षेबाहेर' ही हरकत आपल्या वाचकाला या टिपेशिवाय कळणार नाही. आपल्या दिवाणी दाव्यांत सरतपास शपथपत्रावर येतो, तिथे ज्युरीसमोर तोंडी होतो, हेही सांगून टाका.

'एक्झिबिट'साठी 'निशाणी' घ्या, पण जपून. महाराष्ट्रात निशाणी क्रमांक अर्जांनाही पडतात. तात्पुरत्या मनाईहुकमाच्या अर्जाला वकील सवयीने 'निशाणी ५' म्हणतात. अमेरिकेत दाखल कागदांना वेगळे नोंद क्रमांक असतात आणि निशाणी फक्त पुराव्याला. ती पक्षकारांनी सुनावणीआधीच लावून, यादी करून द्यायची असते. निशाणी लागली म्हणजे पुरावा ग्राह्य झाला असं नाही. क्रम असा: कागद समोरच्या वकिलाला माहीत करून द्या, साक्षीदारापुढे ठेवा, तो काय आहे हे त्याच्याकडून शाबीत करून घ्या, 'पुराव्यात घ्यावा' अशी विनंती करा, हरकत ऐका, निर्णय ऐका, आणि मगच ज्युरीला दाखवा. शेवटच्या पायरीला 'पब्लिश' म्हणतात. त्याचं 'प्रसिद्ध करणे' करू नका, कागद कुठेही छापला जात नाही, 'ज्युरीला दाखवणे' एवढंच. हमखास चूक याच जागी होते. कागद ग्राह्य होण्याआधीच पडद्यावर झळकतो, आणि ज्युरीने पाहिलेलं मिटवता येत नाही. म्हणून न्यायाधीश ज्युरीसमोरचे पडदे आपल्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात ठेवतात.

वादीप्रतिवादी :
दोन छोटे शब्द राहिले. 'वेल' म्हणजे न्यायासन आणि वकिलांची टेबलं यांच्यामधली मोकळी जागा, तिथे परवानगीशिवाय जायचं नसतं. 'विहीर' तर नकोच. विधानसभेच्या बातम्यांत, विशेषतः गोव्यातल्या, आमदार सभापतींपुढच्या 'हौदात' धाव घेतात. पण तो शब्द गदारोळाशी जोडला गेला आहे, तेव्हा 'न्यायासनापुढची मोकळी जागा' असं उघड सांगा.

'कोर्ट रिपोर्टर' म्हणजे बातमीदार नव्हे, शब्दशः टिपणारा लघुलेखक. आपल्याकडे न्यायाधीश साक्ष कथनरूपात सांगून लिहवून घेतात, त्यामुळे साक्षीदाराने मान हलवली तर ते शब्दांत येतं. तिथे जे उच्चारलं नाही ते नोंदीत नाही. 'एका वेळी एकानेच बोलावे, उत्तर तोंडी घ्यावे, नावांचे स्पेलिंग सांगावे, वाचून दाखवताना वेग कमी करावा' या सूचना त्याच्यासाठी असतात, शिष्टाचारासाठी नाहीत.

अनुवादवाट :
सगळ्यांचे आभार. सुधारलेला उतारा खाली देतो आहे, चुका दाखवाव्यात.

'या न्यायालयाचा शिरस्ता. ज्युरीसमोर हरकत घेताना वकिलांनी उभे राहून हरकतीचे कारण मोजक्या शब्दांत सांगावे. हरकतीआडून भाषण करू नये. न्यायासनालगतच्या चर्चेची विनंती अपवाद म्हणूनच करावी. अपेक्षित मुद्दे ज्युरी येण्यापूर्वी मांडावेत. कोणतीही निशाणी पुराव्यात ग्राह्य झाल्याशिवाय ज्युरीला दाखवू नये. साक्षीदाराजवळ जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी.'

कलम८३ :
चांगला उतरला आहे. एकच दुरुस्ती. मूळ टिपण प्रकरणाच्या नोंदीत आदेश म्हणून दाखल झालेलं असेल, तर पहिलं वाक्य 'या न्यायालयाचा आदेश' असं करा आणि नोंद क्रमांक व तारीख तिथेच द्या.