मानद पदवी आणि नावापुढचं 'डॉ.'

दादा, तुम्ही म्हणताय की न्यायाधीश राजकारणात गेला तर त्याला मानद डॉक्टरेट देऊच नये, पण मला हे काय पटत नाही बघा. छागला घ्या की, १९४७ ते ५८ मुंबई हायकोर्टाचे चीफ जस्टिस, मग अमेरिकेत राजदूत, मग केंद्रात शिक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्री. अशा माणसाचं कोर्टातलं काम वेगळं आणि मंत्रीपण वेगळं असं तुकडे करून कसं मोजणार?

आपल्या कोल्हापुराला तर हे नवं नाहीच. शाहू महाराज १९०२ ला सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले तेव्हा केंब्रिजनं त्यांना एलएल.डी., म्हणजे कायद्यातली डॉक्टरेट दिली, ती मानदच. आता कुणी म्हणेल संस्थानिक म्हणून दिली, असेल बाबा, पण त्याच वर्षी त्यांनी ५० टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवल्या, तेव्हा पदवीचा मान वाढला का महाराजांचा हे तुम्हीच ठरवा. बाबासाहेबांचंही तसंच, कोलंबियानं १९५२ ला एलएल.डी. दिली, तोवर कायदामंत्रीपद सोडलेलं होतं आणि अभ्यास करून मिळवलेल्या डॉक्टरेट आधीच पदरात होत्या.

माझा राग वेगळाच हाय. मानद पदवी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी डिजिटल बोर्डावर 'डॉ.' छापून बिंदू चौकात लावायचं, हे लई होतंय. परीक्षा नाही, प्रबंध नाही, मग नुसता सन्मान म्हणून घरात फ्रेम लावा की.