दोन प्रादेशिक विमानतळांमधील अंतर आणि तिकिटावरचा वेळ यांचा मेळ का बसत नाही?

प्रश्न
दोन विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून मी त्यांच्यातील अंतर काढले. आधी रेखांशाचा एक अंशही अक्षांशासारखाच १११ किलोमीटरचा धरल्यामुळे आकडा फुगला होता. ती चूक दुरुस्त केल्यावर अंतर ४०० किलोमीटर आले. या मार्गावर एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान जाते. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरला, तर प्रवास ४८ मिनिटांत व्हायला हवा. तिकिटावर मात्र १ तास १५ मिनिटे आहेत. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर १
भागाकार बरोबर आहे, परंतु आपण ज्याला भागले ते अंतर विमान प्रत्यक्षात कापतच नाही. ४०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर आहे. विमान साधारणपणे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून जमीन सोडते, त्यामुळे कधीकधी ते मुक्कामाकडे पाठ करूनच सुटते आणि मग वळते. उतरतानाही धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा पडतो. शिवाय ५०० हा वेग वर पोहोचल्यानंतरचा आहे, चढताना तो बराच कमी असतो. तिकिटावरचा वेळ तर विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा असतो; त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. त्यात कंपन्या थोडी सवडही धरतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

उत्तर २
वाऱ्याचा हिशेब राहिला. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून असेल, तर हेच अंतर कापायला सुमारे साडेचोपन्न मिनिटे लागतात आणि पाठीमागून असेल, तर ४३. जाताना गमावलेले येताना पूर्ण भरून निघते असे अनेकांना वाटते, परंतु दोन्हींची बेरीज सुमारे साडेसत्त्याण्णव होते, वारा नसताना ती ९६ असते. कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. काल विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर याच फेरीची नोंद पाहिली: उड्डाणापासून चाके टेकेपर्यंत ५८ मिनिटे, आणि शेवटी रेषेला घोड्याच्या नालेसारखे वळण. याच मार्गावर जेट विमान असते, तर वेळ निम्म्यावर आला असता का?

उत्तर १
नाही. कागदावर ताशी ८०० किलोमीटरने १८ मिनिटे वाचतात, परंतु अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर, ही वेगमर्यादा असते. एवढ्या छोट्या मार्गावर जेट पूर्ण वेगात येते न येते तोच त्याला खाली उतरायला लागावे लागते, आणि जमिनीवर सरकण्यात जाणारा वेळ दोघांना सारखाच लागतो. पुढचे विमान पकडायचे असल्यास ॲपवरची ५८ मिनिटे न धरता तिकिटावरची पोहोचण्याची वेळ धरा.