फायबर होडीच्या तळाला सरळ भोक कसं पाडायचं?

प्रश्न: थ्रू-हल फिटिंगसाठी (तळातून आरपार जाणारी नळीची जोडणी) 38 मिमीचं भोक हवंय. तळ 12 मिमी, भरीव फायबर (मध्ये लाकडाचा थर नाही). हातातलं ड्रिल तिरकं जातं, जेलकोटचे (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) टवके उडतात.

उत्तर 1: आधी आतून 3 मिमीचं भोक पाडा आणि बाहेर जाऊन जागा बघा. मग 50 मिमी जाड सागवानी ठोकळ्याला स्टँड-ड्रिलवर काटकोनात 6 मिमीचं भोक पाडून आणा. तो बाहेरून तळाला घट्ट दाबायचा आणि बिट त्यातूनच घालायचा. हे भोक सरळ गेलं की होल सॉ (मधल्या बिटभोवती गोल कापणारी दातेरी वाटी) आपोआप सरळ जातो.

उत्तर 2: टवक्यांसाठी मास्किंग टेप लावा, पण खरी युक्ती वेगळी: होल सॉ आधी उलटा फिरवून जेलकोटात खाच पाडा, मगच सुलटा. निम्म्यावर थांबून उरलेलं आतून कापा. वेग कमी ठेवा, तापलेल्या राळेचा भुगा दातांत चिकटतो. नाकाला मास्क हवाच.

@प्रश्नकर्ते, भरीव आहे याची खात्री केलीत का?

उत्तर 3: कापलेली चकती टाकू नका, तिची कड बघा. मध्ये लाकूड दिसलं तर भोकाच्या कडेतून ते लाकूड चहूबाजूंनी 10 मिमी आतपर्यंत कोरून दाट केलेली इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) भरा, सुकल्यावर पुन्हा कापा. नाहीतर पाणी शिरून आतलं लाकूड कुजतं. भरीव निघालं तरी कडेला इपॉक्सीचा हात द्याच. पाण्याखाली सिलिकॉन नको, पॉलियुरेथेन सीलंट वापरा.