सक्तीच्या आरोग्य विम्यावर पथनाट्य: ब्रोकोलीच्या जागी भरताचं वांगं चालेल का?

अमळनेरची शिक्षिका
नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. यंदा मुलांनी पथनाट्यासाठी विषय घेतलाय: सरकारने प्रत्येकाला आरोग्य विमा घ्यायला लावावा का? आधार अमेरिकेतल्या वादाचा. तिथे 2010 च्या कायद्याने ठरवलं की विमा घ्या, नाहीतर दंड भरा. मार्च 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणीच्या वेळी न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी ब्रोकोलीचा मुद्दा काढला. अन्न सगळ्यांनाच लागतं, मग सरकार लोकांना ब्रोकोलीही घ्यायला लावू शकेल, असा त्यांचा रोख होता. तो टोला खूप गाजला.

मुलांनी ब्रोकोली काढून भरताचं वांगं घातलं. पुढारी दारोदार वांगी खपवतो, न घेणाऱ्याची दंडाची पावती फाडतो. तालमीत हशा पिकतो, पण मला ते खटकतं. मी वांगं घेतलं नाही तर शेजाऱ्याचं काही जात नाही. विमा नसलेला माणूस अपघातात सापडला तर त्याचा खर्च शेवटी कुणाच्या तरी अंगावर पडतोच. हे सांगणारा प्रसंग कसा रचू?

केळीवाला, रावेर
ताई, वांग्यापर्यंत जायचंच कशाला? सक्तीचा विमा आम्ही अनुभवलाय. पीककर्ज घेतलं की विम्याचा हप्ता बँकेत परस्पर कापला जायचा. खरीप 2020 पासून तो ऐच्छिक झाला. हप्ता द्यायला आमची ना नव्हती. कापलेला आकडा लगेच दिसायचा, भरपाई कधी आणि किती ते कोणी सांगत नव्हतं, राग त्याचा होता. केळीचा विमा तर हवामान केंद्राच्या आकड्यावर चालतो. माझ्या बागेत घड करपले आणि केंद्रावरचं तापमान मर्यादेच्या आत राहिलं, तर हातात काही येत नाही.

पुढाऱ्याच्या हातात हप्त्याची पावती द्या आणि शेतकऱ्याला अहिराणीतच विचारू द्या, "मना पैसा कापी लिधात, आते माले काय भेटी?"

चटई कामगार, जळगाव एमआयडीसी
सक्तीचा आरोग्य विमा आपल्याकडे आहेच की, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा! महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगाराचे 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो. 16,000 पगारावर माझे 120, मालकाचे 520. बायकोचं बाळंतपण त्यातच झालं. एकट्याने 120 रुपयांत मला कोण विमा देणार होतं?

कारखान्यातली तरुण पोरं म्हणतात, आम्ही कुठे आजारी पडतो, उगाच पैसे कापतात. त्यांना बाहेर पडू दिलं तर मागे आजारीच उरतील, हप्ता वाढेल, मग आणखी लोक सोडतील. अमेरिकेतही हेच कोडं होतं. जुना आजार आहे म्हणून कंपनीने कोणाला नाकारायचं नाही असा नियम केला, म्हणून धडधाकट माणसालाही आत घेणं भाग पडलं. असं एक तरुण पोर नाटकात घ्याच.

निवृत्त परिचारिका, धुळे
तिसरी वाटही दाखवा. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण. हप्ता कोणाच्या खिशातून कापत नाहीत, सरकार भरतं. सरकार भरतं म्हणजे करातून आपणच भरतो, आणि कर काय ऐच्छिक असतो? अमेरिकेच्या न्यायालयानेही चारच दिवस आधी, 28 जूनला, 5 विरुद्ध 4 मतांनी तो दंड कर म्हणूनच वैध धरला.

टीका करायची तर इथे करा: धडगावच्या पाड्यावरचा माणूस कार्ड घेऊन निघतो, पण त्याच्या आजारावर उपचार करणारं अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेलं, रुग्णालय डोंगर उतरून कितीतरी लांब. त्या गाडीभाड्याचं काय? रुग्णालयात योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचं पात्रही ठेवा, कागदपत्रं कुठे अडतात ते त्याच्या तोंडून येऊ द्या.

अमळनेरची शिक्षिका
सगळ्यांचे मनापासून आभार. वांग्याचा प्रसंग सुरुवातीलाच आटोपता घेते. चटई कारखान्यातलं पोर पुढाऱ्याला अडवेल, मग पावतीवाला शेतकरी आणि धडगावचा माणूस येतील. अमेरिकेतला तो दंड 2019 पासून शून्यावर आणला, बाकी कायदा उभा राहिला, हेही एका वाक्यात घालते. केळीवाले दादा, अहिराणीचे संवाद लिहून झाले की इथेच टाकते, तेवढे तपासून द्या.