ट्रोपोनिन अजून वाढलेलंच आहे, म्हणजे हार्टचं नुकसान चालूच आहे का?

आसावरी_क:
बाबांना गेल्या आठवड्यात अटॅक आला, लगेच अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला, आता घरी आहेत आणि बरे आहेत. पण फाइल बघितली तर शेवटचं ट्रोपोनिन आय पण नॉर्मलच्या कितीतरी वर, एनटी-प्रोबीएनपी वाढलेलं, आणि टूडी इकोत ईएफ (दर ठोक्याला हार्ट किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) फक्त ३८ टक्के. भाऊ म्हणतो बाहेरच्या लॅबमधून एक दिवसाआड ट्रोपोनिन करत राहू. खरंच करायचं का?

रात्रपाळी:
आयसीयूत नर्स आहे. नका करू, पैसे जातील आणि घोर लागेल तो वेगळाच. ट्रोपोनिन हार्टच्या स्नायूत असतं, पेशी मेल्या की रक्तात येतं, साधारण १२ ते २४ तासांत टोकाला जातं आणि मग उतरायला ७ ते १० दिवस घेतं, ट्रोपोनिन टी असेल तर दोन आठवडेही. त्यामुळे आकडे ओळीने लावून बघा, उतरतायत ना? मात्र छातीत परत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर लॅब वगैरे काही नाही, थेट इमर्जन्सी.

आसावरी_क:
लावले. २२४००, ९१००, १३५०. हुश्श! पण मग ईएफचं काय?

जुना_पेशंट:
माझा ३५ होता. अटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, रक्त परत सुरू झालं की काही आठवड्यांत तो हळूहळू जागा होतो, म्हणून आताच्या इकोवरून निकाल लावायचा नाही. आयसीडी (ठोके धोकादायकरीत्या बिघडले की आपोआप शॉक देणारं छातीतलं यंत्र) बसवायचं की नाही हेसुद्धा निदान ४० दिवस थांबून, आणि अँजिओप्लास्टी झाली असेल तर साधारण ३ महिन्यांनी परत इको करून ठरवतात. माझा ४८ वर आला. सगळ्यांचा येतोच असं नाही हां, जिथे व्रण पडलाय तिथे स्नायू परत येत नाही आणि तो व्रण किती खोल आहे ते नीट दिसतं कार्डिॲक एमआरआयमध्ये.

रात्रपाळी:
एनटी-प्रोबीएनपीबद्दल राहिलंच, ते स्नायूवर ताण किती पडतोय ते सांगतं, पण वय जास्त असेल, किडनी कमजोर असेल तरी वाढतं. क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा) किती आहे?

आसावरी_क:
१.९ 😕

रात्रपाळी:
मग त्यातला थोडा वाटा किडनीचा असणार, फॉलोअपला डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा. आणि भावाला काहीतरी मोजायचंच असेल तर रोज सकाळी बाबांचं वजन मोजू दे, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पाय सुजले तर लगेच फोन करायचा.