म्हातारपणी घर विकत नको, भाड्याने द्या. पटतंय का?

फास्ट लोकल
मे २०२५ मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर झालं. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक, आणि यादीत ज्येष्ठ नागरिकही आहेत. छान. पण गरीब म्हाताऱ्या माणसाला घर विकत द्यायचं, या कल्पनेलाच माझा विरोध आहे.

ओळखीतले एक काका. जन्म छापखान्यात गेला, पीएफसोबत मिळणारी ईपीएस-९५ची पेन्शन महिना १,८०० रुपये. (किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वरच आहे, त्या मानाने काका श्रीमंत!) वर्षाचे झाले २१,६००. गरीब वृद्धांना सरकारी मदत देणाऱ्या श्रावणबाळ योजनेची उत्पन्नमर्यादा २१,०००. म्हणजे वरच्या सहाशे रुपयांपायी तिकडचे महिना दीड हजारही गेले. काकू दोन घरी पोळ्या करतात, त्यातून दिवा स्टेशनजवळच्या खोलीचं भाडं कसंबसं निघतं.

म्हाडाच्या सोडतीत नंबर लागला तरी पुढचे पैसे आणायचे कुठून? सदुसष्टाव्या वर्षी वीस वर्षांचं कर्ज कुठली बँक देईल? मग उरतो भाड्याचा अकरा महिन्यांचा करार. तो संपला की एजंटची दलाली, टेम्पो, पोलीस पडताळणी, गॅसचा पत्ता, सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यात नवा मालक तोंडावर विचारतो, "आजोबा, तुमचं काही बरंवाईट झालं तर फोन कुणाला करायचा?"

माझं म्हणणं असं की घर म्हाडाच्याच नावावर राहू दे. भाडं मिळकतीच्या चौथाईइतकं. दोघंही गेले की खोली पुढच्या म्हाताऱ्याला. विक्री नाही, वारसा नाही. बोला.

रोखठोक
सपशेल असहमत. मुलं काय करतात? २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा कशासाठी आहे? अर्ज करा, मुलाकडून पोटगी घ्या. बहुतेकांचं गावाला घर असतंच, पण मुंबई सोडवत नाही. त्याचा भार कर भरणाऱ्यांनी का उचलायचा?

फास्ट लोकल
पोटगीची कमाल मर्यादा १०,०००. काकांचा मुलगा दुसऱ्याची रिक्षा चालवतो, दहा बाय बाराच्या खोलीत चौघं राहतात. त्याच्याकडून न्यायाधिकरण काय वसूल करणार? गावच्या घराचं म्हणाल, तर त्यात चार भावांचे हिस्से, छप्पर खचलेलं, आणि दवाखाना तालुक्याला.

गिरणगावची लेक
रोखठोकांना उत्तर दिलंत, आता माझंही ऐका. मूळ प्रस्तावालाच माझा विरोध आहे, पण कारण वेगळं.

वडील गिरणीत होते. १९८२ चा संप, मग गिरण्या बंद, मग जमिनींचा खेळ. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: महापालिका, म्हाडा, मालक. २००१ मध्ये तो हिशेब फक्त मोकळ्या जागेपुरता उरला आणि आमच्या वाट्याची जमीन बघता बघता आटली. आता सांगतात, मुंबईबाहेर कर्जतच्या वाटेवर शेलू-वांगणीला जा, वर पैसेही भरा. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आलेले लोक बघितलेत का? सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं, पिशवीत घराच्या फॉर्मची झेरॉक्स. त्यांना तुम्ही सांगणार, "घर विकत नको, भाड्याने घ्या"? ते घर म्हणजे बुडालेल्या मजुरीची भरपाई आहे. ते मुलाला मिळायलाच हवं. वारसा नाही म्हणणं बिल्डरच्या मुलाला का लागू होत नाही?

आणि सरकारी भाड्याच्या घरांचा अनुभव आहे आपल्याला. २००८ ला एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने, १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोल्यांची योजना काढली, पुढे गुंडाळली. त्यातल्या पनवेलजवळच्या कोनच्या खोल्या दोन-दोन जोडून २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना दिल्या. ताबा मिळायच्या आत कोविड आला, तिथे विलगीकरण केंद्र झालं. मग दुरुस्ती, मग देखभाल खर्चावरून भांडण. तोवर किती जण हयात राहिले?

वाडामालक
पुण्यात पेठेत जुना वाडा आहे आमचा. म्हातारा भाडेकरू सगळ्यांना दिसतो, म्हातारा मालक कुणाला दिसत नाही. एका खोलीचं भाडं ६० रुपये. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ, म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे! कौलं चाळायला माणूस बोलावला तर तो चहाचेच तेवढे मागतो. आई ८१ वर्षांची आहे, तिला या वाड्यातून औषधाइतकेही पैसे मिळत नाहीत.

धागाकर्त्याला एकच प्रश्न. सोबत राहणाऱ्या नातेवाइकाकडे भाडेहक्क जातो, हे आपल्या कायद्यातच आहे. आजोबा आजारी पडले की दोन महिन्यांत पुतण्या गावाहून येणार, रेशनकार्डावर नाव चढवणार. त्याला बाहेर कोण काढणार? नगरसेवक त्याच्याच बाजूने उभा राहील.

फास्ट लोकल
पुतण्याचा मुद्दा खरा आहे. म्हणून भाडेकरार नको, दोन नावांपुरता राहण्याचा परवाना हवा. सिंगापूरमध्ये ५५ च्या पुढच्यांना छोटी सरकारी घरं १५ ते ४५ वर्षांच्या मुदतीने देतात. वयानुसार मुदत, त्यामुळे किंमत कमी. आपल्याकडे तेवढीही रक्कम नसते, म्हणून मी भाडं म्हणतोय.

लेकीला: भरपाईचं घर मालकीचंच हवं. त्याला माझा विरोध नाही.

ओपीडीची ताई
सरकारी रुग्णालयात काम करते. तुमचं मालकी की भाडं चालू दे, मी खुबा मोडून आलेल्या आजींबद्दल बोलते. ऑपरेशन फुकटात होतं, मग डिस्चार्जच्या दिवशी कळतं की घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पुनर्वसनाच्या इमारतींत लिफ्टचं बिल कुणी भरत नाही, ती कधीपासून बंदच असते. शौचालय भारतीय पद्धतीचं, उंबरा वीतभर. आजी पुन्हा खाली येतात त्या खुर्चीत बसून, चौघांच्या खांद्यावर.

तळमजला, कमोड, भिंतीला धरायला दांडी, दारातून चाकाची खुर्ची जाईल इतकी रुंदी. बांधतानाच केलं तर खर्च किरकोळ असतो. आणि कृपा करून सगळे म्हातारे एकाच इमारतीत कोंबू नका. रात्री अडीचला रिक्षा आणायला कुणीतरी तरुण पोरगा शेजारी लागतो.

रोखठोक
निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांचा वृद्धाश्रम, ही तरतूद त्याच २००७ च्या कायद्यात आहे. ती आधी अमलात आणा. नवीन खेळ कशाला?

ओपीडीची ताई
काकू अजून दोन घरी पोळ्या करतात. त्यांना आश्रमात नेऊन बसवणार?

गिरणगावची लेक
धागाकर्त्याने स्पष्ट केलं ते बरं झालं. भाड्याची घरं जरूर बांधा. घरकामवाल्या, फेरीवाले, नाक्यावरचे कामगार, यांच्याकडे कसलाच दावा नाही, त्यांना द्या. आमचे फॉर्म त्या रांगेत सरकवू नका, सरकार अशा संधीची वाटच बघत असतं.

वाडामालक
१,८०० ची चौथाई ४५०. पाणी, झाडूवाला, लिफ्ट, रंगरंगोटी एवढ्यात? तोटा कोण भरणार, हे अजून कुणी बोललेलं नाही.

फास्ट लोकल
तळमजल्यावर दुकानांचे गाळे काढायचे, त्यांचं भाडं बाजारभावाने. त्यातून देखभाल.

रोखठोक
तळमजल्यावर दुकानं? मग ताईंच्या आजी कुठे राहणार? आधी ठरवा.

फास्ट लोकल
मागे. रस्त्याच्या तोंडाला दुकानं, आत खोल्या, मधून बोळ. लालबाग-परळच्या जुन्या चाळी बघा, वर्षानुवर्षं तसंच चाललंय. गाळ्याचं भाडं किती येतं ते वॉर्डनुसार कुणाला माहीत असेल तर इथे टाका, हिशेब मांडू.