प्रोसेसर लावल्यापासून मैदानात बेस गायब, टॉपमधून स्स्स आवाज. मदत हवी

घणसोलीकर
नमस्कार मंडळी. माझा छोटा सेटअप आहे. हळदी, बारशी, सोसायटीची सत्यनारायणाची पूजा अशी कामं करतो. दोन टॉप (वरचा आवाज देणारे बॉक्स, १२ इंची, आतच पॅसिव्ह क्रॉसओव्हर, ३०० वॉट आरएमएस, ८ ओहम), दोन १८ इंची बेस (६०० वॉट, ८ ओहम), दोघांना वेगवेगळे अ‍ॅम्प. आजवर अ‍ॅम्पच्या मागचं लो-पासचं बटण दाबून भागायचं. आता टॉप आणि बेसला आवाज वाटून देणारा सेकंडहँड प्रोसेसर घेतलाय, २ इन ६ आउट. क्रॉसओव्हर (जिथे बेस संपतो आणि टॉप सुरू होतो) १०० हर्ट्झ, उतार लिंकविट्झ-रायली २४ डीबी, दोन्हीकडे तोच. रबाळ्याच्या गाळ्यात टॉप बेसवरच ठेवून लावला, सोबतच्या माइकने ऑटो ईक्यूही (माइकने ऐकून आपोआप टोन जुळवणारा) मारला. काय वाजत होता! अंगावर यायचा.

रविवारी गावात हळद होती. बेस स्टेजच्या पुढे जमिनीवर, टॉप मागे स्टेजच्या कडेला स्टँडवर. बेंजो सुरू झाला आणि बेसच नाही. बॉक्सजवळ गेलं की शर्ट हलतोय, पण जिथे लोक नाचतायत तिथे सगळं पोकळ. नवरदेवाचा मामा येऊन विचारून गेला, "बेस आणायचा राहिला का रे?" त्यात एक विचित्र गोष्ट, दोन्ही टॉप म्यूट केले की बेस वाढल्यासारखा वाटत होता. शिवाय गाणं थांबलं की टॉपमधून स्स्स ऐकू येतं. प्रोसेसर बिघडलेला तर नाही ना गळ्यात मारला कोणी? पुढच्या रविवारी परत काम आहे.

कोपरखैरणे बीट्स
भाऊ, उघड्यावर बेस कमीच ऐकू येतो, भिंती नसतात ना. ईक्यूत १०० ला ६ डीबी चढव आणि विषय संपव. मशीन बहुतेक ठीक असेल.

कळव्याचा साऊंडवाला
चढवू नको. ६ डीबी म्हणजे अ‍ॅम्पकडे चौपट पॉवर मागणं. आणि ईक्यूतून १०० चढवलं की टॉप आणि बेस दोघंही चढणार, तेवढ्याच जोमाने एकमेकांना खाणार. टॉप बंद केल्यावर बेस वाढला असं तू स्वतःच लिहिलंयस, मग मशीनवर कशाला संशय घेतोस? बेस टॉपच्या किती पुढे होते ते मीटरमध्ये सांग. अंदाजाने नाही, टेप लावून.

घणसोलीकर
काका, तीच मांडणी आज गाळ्यात करून मोजली. दीड मीटर.

कळव्याचा साऊंडवाला
हं. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. म्हणजे दर मीटरला २.९ मिलिसेकंद धर, दीड मीटरला ४.३. शंभर हर्ट्झची एक लाट १० मिलिसेकंदांची, अर्धी ५ ची. तुझा बेस टॉपच्या ४.३ आधी पोचतोय, म्हणजे बेस पुढे ढकलत असताना टॉप जवळजवळ मागे ओढतोय. तू लावलेल्या क्रॉसओव्हरमध्ये बरोबर १०० वर दोघंही सारखेच, ६ डीबी खाली असतात. सारखे आणि उलटे, मग उरणार काय? गाळ्यात एकावर एक होते, अंतरच नव्हतं, म्हणून तिथे झकास.

डिले (आवाज थोडा उशिरा सोडणं) बेसच्या आउटपुटला दे, टॉपला नाही. जो पुढे उभा आहे त्यानेच थांबायचं.

आता तो नेमका कसा शोधायचा ते सांगतो. एका बाजूचा एक टॉप आणि एक बेस चालू, बाकी म्यूट. लोक नाचतात तिथे, ८-१० मीटरवर, फोन स्टँडला लाव. कुठल्या हर्ट्झला किती आवाज ते दाखवणाऱ्या आरटीए अ‍ॅपमध्ये वेटिंग (मोजायची पट्टी) सी किंवा झेड ठेव. ए वर राहिलं तर १०० हर्ट्झ १९ डीबी कमी दिसेल आणि उगाच गोंधळशील. शंभरचा टोन हळू आवाजात सोड. आधी नुसता बेस, मग नुसता टॉप, दोघांची पातळी फोनवर सारखी कर. मग बेसची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करून दोघं एकदम वाजव आणि डिले ४.३ पासून पाव-पाव मिलिसेकंदाने हलव. एका जागी आवाज विहिरीत पडल्यासारखा खाली जाईल. तोच तुझा डिले. पोलॅरिटी परत सरळ कर, एकट्या बेसपेक्षा ६ डीबीच्या आसपास वर दिसलं की जमलं.

आकडा ४.३ च येईल असं नाही. टॉपच्या बॉक्सचा स्वतःचा खालचा उतारही फेज (लाटेची वेळ) फिरवतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होणारच. फक्त १० मिलिसेकंद पलीकडे असाच दुसरा खड्डा असतो, त्यात जाऊन बसू नको. टेप आधी लावायला सांगितली ती त्यासाठीच.

आणि तो ऑटो ईक्यू पुसून टाक. शटर आणि पत्र्याच्या मध्ये त्या माइकने गाळा ऐकला, तुझे बॉक्स नाही. घणसोलीच्या मैदानाशी त्याचा काय संबंध?

घणसोलीकर
काका, आज मैदानातच लावून बघितलं. खड्डा ५.१ वर सापडला, पोलॅरिटी सरळ केल्यावर बेस छातीत बसतोय. मनापासून आभार! आता त्या स्स्स चं सांगा. आणि लिमिटरला (आवाज ठराविक पातळीवर रोखतो तो) हात लावायची भीती वाटते, तो बंदच ठेवलाय.

कळव्याचा साऊंडवाला
लिमिटर बंद ठेवून हळदीला जाऊ नको बाबा. रात्री साडेनऊनंतर ऑपरेटरच्या हातात काही राहत नाही, मामा राहतो.

स्स्स आणि लिमिटर दोन्ही एकत्रच सोडवू. अ‍ॅम्पच्या पुस्तकात गेन बघ. बऱ्याच अ‍ॅम्पना ३२ डीबी असतो, म्हणजे व्होल्टेज ४० पट. तुझा वेगळा असेल तर त्याप्रमाणे आकडे बदल. बेस ६०० वॉट, ८ ओहम: ६०० गुणिले ८, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ६९ व्होल्ट. भागिले ४०, म्हणजे १.७३ व्होल्ट, म्हणजे +७ डीबीयू (व्होल्टेजची पातळी मोजायचं एकक). टॉप ३०० वॉट: ४९ व्होल्ट, १.२२ व्होल्ट, +४ डीबीयू. हेच तुझे आरएमएस लिमिटर. एका चॅनेलवर दोन बेस समांतर लावलेस तरी व्होल्टेज तेच राहतं, आकडा बदलायचा नाही. फक्त ४ ओहमवर तो अ‍ॅम्प चालतो का ते बघ. बॉक्सच्या मागे मोठ्या अक्षरात २४०० पीक लिहिलेलं असतं, त्याच्याकडे बघू पण नको. अ‍ॅटॅक (लिमिटरने पकडायचा वेळ) मी बेसला १६ मिलिसेकंद ठेवतो आणि रिलीज (सोडायचा वेळ) त्याच्या सोळापट. बेसला ३५ हर्ट्झखालचं कापणारा हाय-पासही लाव. पोर्टच्या बॉक्समध्ये त्याखाली कोन नुसता हेलकावे खातो, ऐकू काही येत नाही.

स्स्स येतोय कारण अ‍ॅम्पचे पॉट (आवाजाच्या नॉब) फुल आहेत आणि मिक्सरचे फेडर तळाला. पॉट ६ डीबीवर खाली आण, मिक्सर तेवढा वर. प्रोसेसरचा स्वतःचा नॉइज सरळ ६ ने खाली जाईल. पण वरचे लिमिटरचे आकडे पॉट फुल धरून काढलेत. पॉट ६ खाली गेला की लिमिटर +१३ आणि +१० करायचे. मग पॉटवर सेलोटेप मार आणि त्यावर पेनने लिही. पोरं फिरवतात.

कोपरखैरणे बीट्स
काका, मी कधी गुणाकार करून लिमिटर लावलाच नव्हता, लाल दिवा लागेपर्यंत वाढवायचो 😅 दहानंतरचं काय करता? मीटर घेऊन येतात ते लोक.

कळव्याचा साऊंडवाला
ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ डीबी, रात्री ४५, आणि रात्र दहाला सुरू होते. सणांचे मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, हळद त्यात येत नाही. मीटर ए वेटिंगचा असतो, म्हणून बेस चालू असला तरी काटा फारसा हलत नाही, शेजारच्या म्हातारीचं कपाट मात्र थरथरतं. तक्रार तीच करते. दहाला बेस पूर्ण बंद, हे मी यजमानाला सुपारी घेतानाच सांगतो.

घणसोलीकर
सेलोटेप मारली. शेवटचं एक, काका. प्रत्येक ठिकाणी स्टेज वेगळा असतो, दर वेळी टोन वाजवत बसायचं का?

कळव्याचा साऊंडवाला
नाही. दोन प्रीसेट कर, एक "टॉप बेसवर", एक "बेस दीड मीटर पुढे". गाडीत टेप ठेव आणि बेस दीडवरच ठेव. नाही जमलं तर पहिला प्रीसेट. आणि पॅनेल लॉक कर. गाण्याचा टोन बदलायचा असेल तर मिक्सरवर बदल.